काय राह्यनं?

आमच्या मंडळीत माणूस गेला की पेटी चर्चमध्ये आणतात आणि दफनाला नेण्याआधी त्याचा जीवनवृत्तांत वाचतात. जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण, विवाह, संतती, नोकरी, आजारपण आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य : ‘अशा रीतीने त्यांनी आपलं आयुष्य पूर्ण केलं.’ गेलेला माणूस शाळामास्तर असेल तर वृत्तांत लांबतो, कारण बदल्याच भरपूर झालेल्या असतात. बिनलग्नाची, बिननोकरीची बाई असेल तर पेटीवरचा हार नीट करून होईपर्यंत वृत्तांत संपलेला असतो.

त्या वाक्याची मला लहानपणापासून चीड आहे. पूर्ण केलं म्हणजे नक्की काय केलं? ज्याच्या वृत्तांतात रकाने जास्त, त्याचं आयुष्य जास्त पूर्ण? मग हे सरळ सांगा की. वर ‘देवापुढे सगळे सारखे’ कशाला म्हणता?

चीड यायचं कारण आमच्याच घरात राहत होतं. माझी फुई. फुई म्हणजे वडिलांची बहीण. बाकीचे आत्या म्हणतात, आम्ही पिंपळनेरची माणसं फुई म्हणतो. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही ते कोणी नीट सांगत नसे आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. मागच्या खोलीत ती, तिची खाट, आणि खाटेखाली निम्म्या गल्लीने विसरलेले डबे. मला वाढवलं तिनेच, म्हणजे आई होती, पण आई शेतमजुरीला जायची आणि मी फुईच्या मागे मागे.

मागे मागे म्हणजे कुठे? तर मरणाऱ्या माणसांच्या घरी.

हे ऐकायला भयंकर वाटतं, पण मला ते कधी भयंकर वाटलं नाही. गावात कोणाचं शेवटचं आलं की निरोप यायचा, ‘फुईले बलाव.’ कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या घरातून यायचा. फुई जायची, उशाशी बसायची, कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ओठ ओले करायची. प्रार्थना करायची ती अगदी छोटी आणि मनातल्या मनात. मोठ्याने केली तर घरच्यांना उगाच शंका, असं तिचं म्हणणं. मग कानाशी वाकून विचारायची, “काय राह्यनं?”

काय राहिलं? एवढंच. पापांची कबुली नाही, देवाचं नाव घे नाही. काय राहिलं?

आणि माणसं सांगायची! एका म्हाताऱ्याने सांगितलं, बैलाला पाणी पाजायचं राहिलं. बैल केव्हाच विकलेला. मुलं म्हणाली, भ्रमलेत, सोडा. फुईने बादली उचलली, बैल ज्याला विकला होता त्याच्या गोठ्यात गेली, बैलाला पाणी पाजलं आणि परत येऊन कानात सांगितलं, “पाजं. अख्खी बादली रिती करी त्यानं.” म्हातारा हसला. तसं हसू मी नंतर कोणत्याही सभेत कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही.

दुसऱ्या एकाने सांगितलं, शेजारच्या भाऊला शिवी द्यायची राहिली. बांधावरून वर्षानुवर्षं अबोला होता. फुई शेजाऱ्याला घेऊनच आली. “आबा, हाऊ उना. दे शिवी.” आबाने दिली. चांगली लांबलचक, आईपासून सुरू झालेली. शेजाऱ्याने तिथल्या तिथे तेवढीच लांब परत दिली. आणि मग दोघं खोकत खोकत हसायला लागले. पुढचे दोन-तीन दिवस तो शेजारीच त्याच्या उशाशी होता. फुईला घरी पाठवून दिलं म्हणे, तुझं काम नाही आता.

बाजारपेठेतल्या मारवाडी दुकानदाराच्या आईचं राहिलं होतं लोणच्यात तेल घालायचं. सुना शरमल्या. फुई उठून स्वयंपाकघराकडे निघाली, तर उंबऱ्याशीच थांबवली. बरणीला हात लावू दिला नाही. हे मी लिहिणारच. जिला मरणारीच्या तोंडाला हात लावायची मुभा होती, तिला लोणच्याच्या बरणीला हात लावायची नव्हती. मी लहान असून संतापले. फुई मात्र उंबऱ्यात उभी राहून सुनेकडून तेल घालून घेत होती आणि आतल्या म्हातारीला ओरडून सांगत होती, “घालं! आखो घालं! बुडनं बठ्ठं!”

“तुला राग नाही आला?” मी घरी येताना विचारलं.

“उना ना.” म्हणजे, आला की.

“मग?”

“मंग काय? राग मना व्हता, लोनचं तिनं व्हतं.”

हे उत्तर मला अजून पटलेलं नाही.

पुढे मी धुळ्याला कॉलेजात गेले आणि तिथे मजुरांच्या संघटनेत शिरले. पत्रकं लिहायला शिकले. पत्रकाचा नियम सोपा आहे : पहिल्या ओळीत शत्रू, दुसऱ्या ओळीत मागणी, शेवटी वार, वेळ, ठिकाण. मध्ये जे लिहाल ते कोणी वाचत नाही, म्हणून मध्ये कमी लिहा. मला हे फार आवडलं. चर्चमधल्या लांबलचक, गुळमुळीत प्रार्थनांवर हा उतारा होता. एका सुट्टीत मी फुईला म्हणाले, “तू जे करतेस त्याला शहरात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. पगार असतो त्याला.”

“काय म्हंतस?”

“पॅलिएटिव्ह.”

“पालनं नाव वाटस,” ती म्हणाली आणि भिंतीवरच्या पालीकडे बघून म्हणाली, “काय व, तुले कितला पगार शे?”

संघटनेने मला रावेर-फैजपूर भागात पाठवलं. केळीच्या पॅकिंगवर काम करणाऱ्या मजुरांमध्ये. घड कापायचे, डोक्यावरून बांधाबाहेर आणायचे, फण्या वेगळ्या करायच्या, पाण्यात धुवायच्या, खोक्यात भरायच्या, ट्रकवर चढवायच्या. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही. तिथल्या बायांच्या साड्या बघून कोण किती हंगाम जुनी ते कळतं. यातली पुष्कळ माणसं आमच्याच पश्चिमेकडच्या डोंगरातून आलेली. हजेरी तोंडी, दुखापत झाली तर ज्याची त्याने बघायची, बायांना आडोसा नाही. मी पेटून उठले होते आणि अजूनही पेटलेलीच आहे, त्याबद्दल गैरसमज नको.

एका नाताळानंतर फुई करंज्यांचा डबा घेऊन रावेरला माझ्याकडे आली. पिंपळनेरहून एसटी बदलत बदलत. मी तिला बागेत नेलं. घड कापणाऱ्या पोरांनी विचारलं, ताई, या कोण? मी म्हटलं, माझी फुई. “मग आमचीबी फुई,” म्हणून त्यांनी डबा रिकामा करून टाकला.

ट्रकमध्ये चढणारे हिरवेगार घड बघून फुई म्हणाली, “कच्ची शेतस ना व ही? कसाले कापतस?”

“कच्ची नाहीत, भरलेली आहेत,” मी म्हटलं. “केळ भरलं की कापतात. कडांची धार गेली, गोल झालं, की भरलं. पिकतं नंतर, तिकडे दूर, विकणाऱ्याच्या गावी.”

“म्हंजे भरनं येगळं नि पिकनं येगळं?”

“हो.”

“लावनारा पिकेल केळ देखतच नही?”

“ह्या गाडीतलं तरी नाही.”

तिने एका घडावर हात ठेवला. बराच वेळ तिने तो काढला नाही. ट्रकवाला ओरडला, “अहो मावशी, गाडी निघते, तुम्हीपण दिल्लीला येता का?” तेव्हा कुठे ती बाजूला झाली.

संध्याकाळी खोलीवर नव्या पत्रकांचा गठ्ठा पडला होता. वर ठसठशीत मथळा, माझाच : ‘मालकांनो, तुमचे दिवस भरले!’ फुईने एकेक अक्षर लावत वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

“कोनी बायकोना दिन भरनात?”

मी कपाळाला हात लावला. तिच्या बोलण्यात दिवस भरणं ही आनंदाचीच गोष्ट. गरोदर बाईचे भरतात. आणि मरणाऱ्याचे भरले तरी ती ते त्याच सुरात सांगायची, ‘नानाना दिन भरनात,’ जणू आता काहीतरी जन्माला येणार. मी तिला समजावलं की इथे त्याचा अर्थ तुमची घटका भरली, आता खुर्ची खाली करा.

“मंग तसं लिख. भरनं कसाले म्हंतस? हाऊ चांगला शब्द शे.”

तिथून आमचं वाजलं. मी म्हणाले, तुमच्या या चांगल्या शब्दांनीच वाट लावलीय. अर्धपोटी माणसाला सांगायचं, तुझं आयुष्य देवात परिपूर्ण आहे, म्हणजे तो मजुरी मागायला येत नाही. मालकाला याहून स्वस्त काय हवं? माणसाचं आयुष्य पूर्ण व्हायला पुरती मजुरी लागते, दवाखाना लागतो, म्हातारपणी आधार लागतो, मान लागतो. मी एकेक बोट दुमडत गेले. ती ऐकत होती. प्रत्येक बोटाला “हां, त्ये लागसच” म्हणत होती. बोटं संपली.

“मंग?” ती म्हणाली.

“मग काय?”

“तू म्हंस त्ये बठ्ठं भेटनं. भेटाले पायजेच. मंग सांजले तू काय करशी?”

मी म्हणाले, हा प्रश्न विचारणं हीसुद्धा चैन आहे. ती हसली आणि म्हणाली, “मी तं रोज सांजले इचारस. मन्हाकडे कितली चैन शे, देख.”

आज त्या खोलीत संध्याकाळी मी एकटी असते. पत्रकं बांधून झालेली असतात. फोन शांत असतो. आणि ती खाटेवर बसून ‘मंग?’ म्हणेल म्हणून, खरं सांगते, मी वाट बघते. मंगळवारचा मोर्चा सांगावा, कोण फुटला ते सांगावं, आणि तिने सगळं ऐकून तो एक शब्द म्हणावा. मला तिच्याशी भांडायचं आहे. भांडायला दुसरं कोणीच तितकं बरं मिळत नाही.

तिचं शेवटचं धुळ्याच्या दवाखान्यात झालं. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी रावेरहून गेले आणि तिथेच राहिले. ओठांना पाणी लावायचं कसं ते मला माहीतच होतं. बोळा फार पिळायचा नाही, फार ओलाही ठेवायचा नाही. एका दुपारी तिचे डोळे उघडे होते. खिडकीबाहेर कडुलिंबावर कावळे भांडत होते. मी तिच्या कानाशी वाकले आणि जे तिने गावभर विचारलं होतं ते तिलाच विचारलं.

“फुई, काय राह्यनं?”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. भ्रमात नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

“तू राह्यनी,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “पानी दे.”

मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. मध्ये ती काही बोलली नाही.

तू राहिलीस. दोन शब्द. मी घरी येऊन ते सांगितले आणि जणू वाटणीच सुरू झाली. वहिनी डोळे पुसत म्हणाली, “लग्न राहिलं ना तुमचं, तेच मनात होतं त्यांच्या. आता तरी मनावर घ्या.” मी म्हटलं, जिने स्वतः केलं नाही ती माझ्या लग्नात जीव कशाला अडकवेल? चर्चचे पाळकसाहेब आले, आमच्या रीतीने सलाम केला, बसले आणि हळूच म्हणाले, “तू चर्चमध्ये प्रभुभोजनाला येणं सोडलंस, मुली. ते राहिलं, असं म्हणायचं असेल.” वडील कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “ती तुले राह्य म्हनी आसंल. ऱ्हाय आठे, असं.” म्हणजे इथे राहा, जाऊ नकोस. त्यांना स्वतःलाच ते म्हणायचं होतं, हे दिसत होतं.

माझ्यापुढचा पेच वेगळाच होता, आणि तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता. माझं काहीतरी राहिलं असेल, तर फुईचं पूर्ण झालं नाही. दुसऱ्यांची राहिलेली कामं उरकत जिने आयुष्य घालवलं तिचंच राहिलं, आणि ते राहिलेलं काम म्हणजे मी. मग उद्या पेटीपाशी उभं राहून ते वाक्य कोण म्हणणार?

कारण वृत्तांत वाचायचं माझ्याकडे आलं होतं. पाळकसाहेब माहिती विचारायला बसले.

“विवाह?”

“नाही.”

“संतती?”

“नाही.”

“सेवा? म्हणजे महिला मंडळ, संडे स्कूल, काही पद?”

“कधी दिलंत का तिला?”

“अगं, चिडू नकोस. नोकरी?”

“पास्टरसाहेब,” मी म्हटलं, “वधस्तंभावरच्या त्या माणसाचा वृत्तांत याच पद्धतीने वाचून बघा. विवाह नाही. संतती नाही. सुतारकी होती, ती सोडली. स्वतःचं घर नाही. तिशी ओलांडली तेवढ्यात संपला. आणि तोच म्हणतो पूर्ण झालं! कशाच्या जोरावर?”

मला वाटलं, ते दुखावतील. ते पेन खिशाला लावून म्हणाले, “उद्या तूच बघ मग. मी काही सांगत नाही.”

मी आधी पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत शत्रू. मंडळी, गाव, जात, बरणी, सगळे आले. वाचून बघितलं. त्यात फुई कुठेच नव्हती, मीच होते. फाडून टाकलं.

चर्चमध्ये उभी राहून मी फक्त राहिलेल्या गोष्टी सांगितल्या. बैलाचं पाणी. लोणच्याचं तेल. शिवीची गोष्ट सांगताना चर्चमध्ये हशा झाला, पेटी समोर असताना. मागच्या बाकावर तो शेजारी भाऊ बसलेला होता, हिंदू माणूस, चर्चमध्ये पहिल्यांदाच आलेला. तो उभा राहून म्हणाला, “खरं शे! मीबी दिन्ही व्हती!” आणि रडत खाली बसला. उंबऱ्याचंही मी सांगितलं. त्या मारवाडी म्हातारीचा नातू दाराजवळ उभा होता, त्याने मान खाली घातली. घालू दे. खरं ते खरं.

ठरलेल्या वाक्यापाशी मी आले आणि थांबले. शेवटी म्हणाले, “अशा रीतीने तिने पुष्कळांचं राहिलेलं पूर्ण केलं. तिचं एक राहिलं. ते इथे उभं आहे.” आणि जाऊन बसले. वहिनीने माझा हात घट्ट धरला.

कबरीपाशी पाळकसाहेबांनी वधस्तंभाचाच भाग वाचला. रागाने वाचला की प्रेमाने, माहीत नाही. लहानपणापासून दर शुभ शुक्रवारी ऐकलेला. पण ओळी कोणत्या क्रमाने येतात याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तो आधी खाली उभ्या असलेल्या आईकडे बघतो आणि तिला आपल्या मित्राच्या हवाली करतो. मग म्हणतो, तहान लागली. आणि मग म्हणतो, पूर्ण झालं.

आधी माणूस. मग पाणी. मग पूर्ण.

म्हणजे त्याचंही राहिलं होतं. आई राहिली होती. ती काही संपवता येण्यासारखी गोष्ट नव्हती. तिची सोय लावून, बाकीचं दुसऱ्याच्या हातात ठेवून तो गेला. काहीच न उरणं म्हणजे पूर्णता, हे माझं गणित. रकाने भरलेत म्हणजे पूर्णता, हे मंडळीचं. दोन्ही बहुतेक एकच गणित आहे. हिरवा घड ट्रकवर चढताना फुईने त्यावर हात का ठेवला, ते मला माती टाकताना उमगलं.

पण मला हे अर्धंच कळलंय. आईला मित्राच्या हवाली केलं. मला कोणाच्या केलं? खोलीत तर मीच होते, आणि कावळे. हे विचारायचं राहिलं. आता तिलाच विचारावं लागेल, आणि कबरीपलीकडे भेट होते या गोष्टीवर माझा विश्वास आहे का, हे मला पत्रकात लिहिता येणार नाही. व्हावी असं वाटतं. फार वाटतं. इतकं काही हवं असणं हा विश्वासच असतो, असं ती म्हणाली असती. मी भांडले असते.

मी रावेरला परत आले. मथळा बदलला. ‘दिवस भरले’ काढून सरळ लिहिलं, ‘आडोसा द्या, हजेरी लिहा.’ सहकारी म्हणाले, धार गेली. मी म्हटलं, जाऊ दे.

परवा संध्याकाळी शेवटचा ट्रक निघून गेला होता. आमच्याच साक्रीकडून आलेली एक बाई हौदावर हात घासत होती, चीक काही निघत नव्हता. मी पत्रकांची पिशवी घेऊन तशीच उभी. तिने मान वर न करता विचारलं, “ताई, तुमनं काय राह्यनं आजून?”

तिला विचारायचं होतं, कोणती गल्ली राहिली, अजून किती वाटायची आहेत. साधा प्रश्न. आमच्याकडे दिवसातून दहा वेळा कोणीतरी कोणाला तरी विचारतं.

मी पिशवी खाली ठेवली. तिने वर बघितलं, हात पदराला पुसले आणि हौदाच्या कठड्यावर सरकून थोडी जागा केली.

“बठा,” ती म्हणाली. “सांगा.”